वीतभर खाली

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा एक विषय आज लिहायला घेतलाय. शेतीचा आहे, पण कंटाळू नका. मी काही शेतकी पदवीधर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला साधा मास्तर.

२०२२ च्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव वाळवा तालुक्यात. काळं रान, उसाचा पट्टा. पुतण्या म्हणाला, "नाना, जरा रानात चला, एक गंमत दाखवतो." रानात गेल्यावर त्यानं माझ्या हातात एक लोखंडी सळई दिली. "दाबा." जमीन चांगली ओली होती. सळई लोण्यात सुरी जावी तशी वीतभर गेली आणि थांबली. मी जोर लावला, मग त्यानं लावला. सळई वाकायला लागली, पण खाली जाईना. दहा ठिकाणी करून पाहिलं, तोच प्रकार.

"वरचं पाणी खाली जात न्हाई आन् उसाची मुळी पण जात न्हाई," तो म्हणाला.

मी गप्प झालो. कारण त्या कडक थराचा एक धनी मी स्वतः होतो.

सांगतो. १९९६ साली मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ट्रॅक्टरसाठी दिले. दादाच्या मनात नव्हतं. मीच मागे लागलो. शिकलेला ना मी! बैल विकले त्या दिवशी दादा जेवला नाही, आणि मला ते खुळेपणाचं वाटलं होतं. दादाची एक सवय होती. पावसानंतर रानात औत घालण्याआधी तो मूठभर माती उचलून दाबून बघायचा. गोळा चिकट राहिला तर म्हणायचा, "वाफसा न्हाई अजून." आणि परत फिरायचा. ट्रॅक्टर आल्यावर वाफशाची वाट कोण बघणार? भाड्याचा ट्रॅक्टर, तास मोजलेले. आमचा असला तरी हप्ते फेडायला तोही दुसऱ्यांच्या रानात फिरायचा आणि आमच्या रानात सवडीनं यायचा. शिवाय तोडणीच्या वेळी उसाची भरलेली ट्रॉली, कित्येक टनांची, ओल्या फडातून ओढत न्यायची.

होतं काय, की ओल्या मातीवर वजन पडलं की कणांमधल्या पोकळ्या चेपतात. हवा आणि पाणी ज्या वाटांनी खाली जातं, त्या वाटाच बुजतात. त्यात नांगर दरवर्षी तेवढ्याच खोलीवर चालतो, त्याच्या तळाशी माती घोटली जाते. वरची वीतभर माती भुसभुशीत दिसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खाली मात्र फरशी तयार झालेली असते. मुळी तिथपर्यंत जाते आणि आडवी वळते.

खरं तर काळी जमीन स्वतःची मशागत स्वतः करते. उन्हाळ्यात तापून तिला हात-हात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि भेगा मिटतात. मी वर्गात हे किती वेळा शिकवलं असेल! पण बारमाही पाण्याखालच्या उसात ती तापतच नाही, मग भेगा पडणार कुठून?

पुतण्यानं आधी सबसॉयलर घालून पाहिला होता. पहिल्या वर्षी बरं वाटलं. पुढच्या तोडणीला ट्रॉल्या फिरल्या आणि रान पुन्हा होतं तसं झालं. लोखंडानं थर फुटतो, पण फुटलेली माती धरून ठेवायला आत काही नसतं.

मग त्यानं तुरीचं काढलं. अर्ध्या एकरात खोडवा मोडायचा आणि वर्षभर ऊस नाही. घरात वादळ झालं. वहिनी म्हणाल्या, "सोसायटीचं कर्ज तूर फेडणार हाय का?" त्यांचं चुकत नव्हतं. उसाचा दर ठरलेला असतो आणि माल जातो हे माहीत असतं. मी म्हटलं, तेवढ्या रानाचं नुकसान मी भरून देतो. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

जून २०२३ मध्ये तूर पेरली. तो ऑगस्ट कोरडा गेला हे तुम्हाला आठवत असेल. तुरीला एक पाणी द्यावं लागलं, बाकी ती हिरवीगार उभी. तुरीची सोटमुळी चांगल्या जमिनीत दीड-दोन मीटर खोल जाते. कडक थराला ती एकदम भोक पाडते असं नाही. ओल असताना बारीक फट शोधते, टोक आत घालते आणि मग जाड होत जाते. जानेवारीत तूर काढली तेव्हा नेहमीसारख्या तुराट्या उपटल्या नाहीत, जमिनीलगत कापल्या. मुळ्या आतच कुजू दिल्या. सगळं मर्म इथेच आहे. मुळी कुजते आणि तिची वाट पोकळ राहते. त्या वाटेनं पाणी उतरतं, गांडूळ उतरतं आणि पुढच्या पिकाची मुळी आयतीच खाली जाते.

मेमध्ये त्याच रानात ताग पेरला आणि फुलावर येताच, दीडेक महिन्यानं, गाडला. गाडण्याआधी मी एक रोप उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडल्या. आत गुलाबी. म्हणजे हवेतला नत्र धरण्याचं काम चालू होतं. नातवाला दाखवलं. जुलैत आडसाली ऊस लागला.

२०२४ च्या दिवाळीत मी स्वतःच सळई मागून घेतली. खोटं सांगत नाही, सगळीकडे खाली गेली नाही. दहापैकी सहा ठिकाणी दोन वितींच्या पुढे गेली, चार ठिकाणी जुन्या जागीच अडली. मग पुतण्यानं कडेला खड्डा घेतला. तुरीच्या एका कुजलेल्या मुळीची साल तेवढी उरली होती, आत पोकळ. आणि त्या पोकळीतून उसाची पांढरी मुळी सरळ खाली गेलेली. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसून होतो. दादा असता तर काय म्हणाला असता कोण जाणे. बहुतेक काहीच नाही, नुसती माती दाबून पाहिली असती.

आता प्रश्न तोडणीचा. एक ट्रॉली ओल्या रानात शिरली की दोन वर्षांची कमाई गेली. ट्रॉली बांधावर उभी करायची, तर मोळ्या डोक्यावरून लांब वाहाव्या लागतात आणि तोडकऱ्यांना त्याची वाढीव मजुरी द्यायला हवी, ती रास्तच आहे. ती माझ्या पेन्शनमधून देतो म्हटलं, तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या.

"भाऊजी, तवा ट्रॅक्टर रानात आणायला पैसं दिलंत, आता भायेर ठेवायला द्या."

असो. तुमच्याकडे कुणाची शेती असेल तर एकदा सळई दाबून बघा. आणि काय झालं ते कळवा.