भोकाचा तळ

चिखल्यात वाढलेल्या माणसाला दगडात भोक पाडण्याचं नवल नसतं. तुमसर तालुक्यातलं हे गाव मॉयलच्या भूमिगत मँगनीज खाणीवर जगतं. माझे बाबा खाणीत रूफ बोल्टिंगच्या टोळीत होते. छतात भोक पाडायचं, सिमेंट भरायचं, सळई घालायची. ‘भोक धुतलं नाही तं सिमेंट कायले धरन?’ हे त्यांचं नेहमीचं बोलणं. सिव्हिलच्या डिप्लोमात हे कुणी इतकं सरळ शिकवलं नाही.

पुढे एका नदीपुलावर पाइलच्या, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून ओतायच्या काँक्रीटच्या खांबांच्या, कामाला सुपरवायझर म्हणून लागलो. ड्रॉइंगवर सगळ्या पाइल सारख्या: व्यास तोच, खोली तीच, भार तोच. काम मात्र दोन पद्धतींनी चाले. हायड्रॉलिक रिगचं भोक लवकर उरकायचं. दुसऱ्या टोळीकडे तिकाटणं, विंच आणि चिझल. तिथे एकेका भोकाला दिवसच्या दिवस लागत. तोवर ते ढासळू नये म्हणून बेंटोनाइटच्या राड्याने भरलेलं. हा राडा जितका थांबेल तितका त्याचा थर वाळूच्या भिंतीवर जाड बसतो. मग काँक्रीटला वाळूची पकड मिळत नाही, घर्षणाने पेलायचा भार तिथेच घटतो. फ्लशिंग करून तळाचा गाळ उपसला नाही, तर रजिस्टरात खडकावर टेकलेली पाइल खरी टेकते गाळावर.

ठोकून बसवलेल्या पाइलची तऱ्हा निराळी. सैल वाळूत ती आजूबाजूची वाळू दाबून घट्ट करते आणि जास्त भार पेलते. चिकणमाती मात्र ठोकताना कालवली जाऊन आधी कमजोर पडते, काही काळाने पुन्हा धरते. त्यामुळे तिथे लगेच लोड टेस्ट घेण्यात अर्थ नसतो. आमच्या नदीत दगडगोटे, म्हणून ठोकायचा प्रश्नच नव्हता.

लोड टेस्टला चिझलवाल्यांची एक पाइल निवडली गेली. वर काँक्रीटचे ठोकळे रचले, जॅक लावला, डायल गेज बसवले. आयएस 2911 प्रमाणे कामातल्या पाइलवर डिझाइनच्या दीडपट भार द्यायचा. डिझाइन भारापर्यंत सगळं ठीक होतं. त्यापुढे जॅकचा दाब टिकेना. पंप मारला की चढायचा, पाइल खाली सरकली की उतरायचा, आणि गेजचे काटे फिरतच राहायचे. ‘काँक्रीट कच्चं असेल,’ ठेकेदाराचा माणूस म्हणाला. पण त्या काँक्रीटचे क्यूब तर चाचणीत चांगल्या ताकदीला फुटले होते! म्हणजे खोट भोकातच होती. शेवटी जास्तीच्या पाइल घालून पाइल कॅप वाढवावी लागली.

चिझल वाईट आणि रिग चांगली, असं मी म्हणणार नाही. नीट फ्लशिंग करणारी चिझलची टोळी घाईतल्या रिगवाल्यांपेक्षा केव्हाही बरी.

साइटवर नव्याने आलेल्या पोरांना एवढंच सांगणं: सळयांचा पिंजरा आणि काँक्रीट ओतायची नळी, म्हणजे ट्रेमी, उतरवल्यावर वजन बांधलेली दोरी पुन्हा तळापर्यंत सोडा. आधीच्या खोलीपेक्षा कमी भरली, तर परत फ्लशिंग करा. तोवर ट्रान्झिट मिक्सर उभा राहिला तरी चालेल.