ऑर्डर रद्द झाली तर काय कराल?

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मी बँकांचं जावाचं काम करत होते. मुंबईतल्या एका ट्रेडिंग फर्मसाठी रिक्रूटरचा फोन आला, तेव्हा शेअर बाजारातलं मला फारसं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, बाजाराची माहिती नसली तरी चालेल, अल्गोरिदम पक्के हवेत." ते अर्धंच खरं निघालं. मला आधी सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून काय काय झालं ते सांगते.

कॉलेजात शिकलेलं डेटा स्ट्रक्चर्स गंजलं होतं. अप्पा बळवंत चौकातून कॉर्मेन आणि मंडळींचं अल्गोरिदमचं जाडजूड पुस्तक जुनं मिळवलं. हजारावर पानं. नोकरी सांभाळून सगळं वाचून होणार नव्हतंच. हीप, हॅशिंग, ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग एवढीच प्रकरणं धरली. लीटकोडवरचा एखादा प्रश्न ऑफिसच्या बसमध्ये वाचायचा, वहीत पेन्सिलीने उकलायचा आणि रात्री जेवणं उरकली की कोड लिहायचा. झोपेचं खोबरं झालं, पण वहीची सवय पुढे फार उपयोगी पडली.

खरी मदत झाली ती एका मैत्रिणीची. ती कॉलेजात असल्यापासून कोडफोर्सेसच्या स्पर्धा खेळायची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगं, प्रश्न वाचलास की आधी आकडे बघ. उत्तर तिथेच लपलेलं असतं." म्हणजे असं. प्रश्नात दोन लाख नोंदी आहेत. प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून बघायची तर ४ हजार कोटी तुलना होतात. साधा हिशेब सेकंदाला १० कोटी क्रियांचा धरतात. म्हणजे ४०० सेकंद, आणि परवानगी दोन सेकंदांची. तीच यादी आधी क्रमाने लावली तर काम ३५-३६ लाख तुलनांच्या आसपास उरकतं. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही, असा तिचा दंडकच होता.

दुसरी गोष्ट पैशांची. किंमत अपूर्णांकात ठेवायची नाही. संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. म्हणून सगळं पैशांत, पूर्णांकात. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडं वरपर्यंतच आकडा मावतो. पैशांत मोजलं तर सव्वादोन कोटी रुपयांचा सौदासुद्धा बसत नाही. तिथे ६४ बिटांचाच आकडा घ्यायचा. ऑनलाइन परीक्षेत नेमकं हेच आलं. नमुन्याच्या चाचण्यांत आकडे लहान होते, लपवलेल्या चाचण्यांत मोठे.

ती फेरी पार पडली. मग व्हिडिओ कॉलवरची फेरी. समोरचे गृहस्थ शांत होते, प्रश्नही ओळखीचा होता. तरी मी बराच वेळ गप्प बसले. डोक्यात विचार मराठीत चालू होता, बोलायचं इंग्रजीत होतं, आणि घसा कोरडा पडला होता. शेवटी त्यांनीच सांगितलं, "जे डोक्यात चाललंय ते बोला, चुकलं तरी चालेल." मग गाडी रुळावर आली. त्यानंतर मैत्रीण रोज संध्याकाळी फोनवर एक प्रश्न द्यायची आणि मी तो मोठ्याने बोलत सोडवायचे. ती नसली की रूममेटला बसवायचे. ती फार्मसीची, कोडचा गंध नाही. पण "म्हणजे काय?" असं ती विचारायची तेव्हा आपल्याला कुठे नीट कळलेलं नाही ते लगेच दिसायचं.

शेवटच्या फेऱ्या मुंबईत, दिवसभर, पांढऱ्या फळ्यावर. पहिलाच प्रश्न ऑर्डर बुकचा. खरेदीच्या आणि विक्रीच्या ऑर्डरी येत राहतात. जास्त भाव देणारा खरेदीदार आधी, भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. जुळवणी करणारा प्रोग्रॅम लिहा. मी दोन हीप सुचवले, एक खरेदीचा, एक विक्रीचा. सर्वोत्तम भाव लगेच वर मिळतो. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "ऑर्डर रद्द झाली तर काय कराल?"

सगळी मेख तिथेच होती. इलेक्ट्रॉनिक बाजारात बहुतेक ऑर्डरी सौदा होण्याआधीच रद्द होतात किंवा बदलतात, हे त्यांनीच समजावलं. हीपमधली मधलीच ऑर्डर काढायची तर आधी ती शोधत बसावं लागतं. मग मी फळा पुसला. प्रत्येक भावाला आलेल्या क्रमाने एक लिंक्ड लिस्ट, सगळे भाव क्रमाने एका ट्रीमध्ये, आणि ऑर्डर नंबरवरून थेट तिच्या जागी नेणारा हॅश टेबल. आता रद्द करणं एका उडीत. तरी त्यांचं संपलं नव्हतं. "ही ट्री मेमरीत इकडेतिकडे उड्या मारते. शेअरच्या भावाला दिवसाची मर्यादा असेल तर?" मी फळ्यावरच हिशेब केला. ५०० रुपयांचा शेअर, १० टक्के वर-खाली, ५ पैशांची पायरी. साधारण २,००० घरं. तेवढ्याला साधा ॲरे पुरतो आणि मेमरीत सगळं सलग राहतं. हे माझं मलाच सुचलं याचा आनंद अजून आठवतो.

दुपारी शक्यतेचे प्रश्न. दोघी नाणं उडवताहेत. एकीला लागोपाठ दोन छापे हवेत, दुसरीला छाप्यानंतर लगेच काटा. सरासरी कुणाला जास्त वेळा उडवावं लागेल? पहिलीला ६, दुसरीला ४. पहिलीला छाप्यानंतर काटा पडला की पुन्हा मुळापासून सुरुवात. दुसरीला छाप्यावर छापा पडला तरी हातातला छापा शिल्लक राहतो. असे प्रश्न मी जेमतेम चाळले होते, आणि पुढचा, फाशांचा प्रश्न अर्धाच सुटला.

काही दिवसांनी नकाराचा दोन ओळींचा मेल आला. कारण विचारलं, मिळालं नाही. मला फार लागलं. नंतर बराच काळ वहीकडे बघवत नव्हतं. मैत्रिणीने मात्र फोन थांबवले नाहीत. यावेळी संध्याकाळी कोड आणि रविवारी नाणी, फासे, पत्ते असं वाटून घेतलं. जावा सोडून सी प्लस प्लस धरलं, कारण मेमरीबद्दलचे प्रश्न त्यातच नीट बोलता येत होते.

दुसऱ्या फर्ममध्ये गेल्या काही भावांमधला सर्वांत मोठा भाव सतत सांगत राहा, असा प्रश्न आला. डेकमध्ये नवा भाव आला की त्याच्याहून लहान, जुने भाव मागून काढून टाकायचे, मुदत संपलेला पुढून काढायचा. प्रत्येक भाव एकदाच आत आणि एकदाच बाहेर. तिथे निवड झाली.

आणखी एक. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता, आणि त्यांना माणूस लवकर हवा होता. मी ते पहिल्याच फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणून ऑफर हातात आल्यावर त्यावरून अडलं नाही.