मागचा ब्रेक

३ जुलै
पार्किंगच्या फरशीवर, मोटरसायकलच्या मागच्या चाकाखाली, रुपयाएवढा डाग. बोट लावून पाहिलं. इंजिन ऑइल काळं असतं, हे कोऱ्या चहाच्या रंगाचं.

४ जुलै
मागच्या ब्रेक ऑइलची डबी खालच्या रेघेच्याही खाली. शेजारचे काका म्हणाले, "वरून टाका की थोडं." गेले दोन महिने मी तेच करतोय, हे त्यांना सांगितलं नाही.

५ जुलै
गॅरेज. कॅलिपर उघडला, सील बदललं, तासाभरात गाडी हातात. पोऱ्याने नवं सील पेट्रोलच्या डब्यात बुचकळून काढलं. पेट्रोलने हे रबर फुगतं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांची अशीच धुतो."

६ जुलै
स्विंगआर्मवरचा रंग पोपडे धरून निघालाय. सोसायटीच्या कुत्र्यावर माझा संशय होता. ब्रेक ऑइल रंग खातं. कुत्र्याची माफी.

१३ जुलै
डाग. रुपयाएवढाच, जागाही तीच.

१४ जुलै, रविवार
स्वतःच बसलो. नळी काढण्याआधी पेडल दाबून पिस्टन बाहेर ढकलायचा असतो. मी नळी आधी काढली. मग कॅलिपर घेऊन पंक्चरवाल्याकडे. त्याने कॅलिपरच्या तोंडात लाकडाचा तुकडा धरला, वर गोणपाट गुंडाळलं आणि हवा सोडली. टप्. लाकूड नसतं तर पिस्टन बोटांवर आला असता.

पिस्टन उन्हात धरला. बाहेरच्या कडेला गंजाचे खड्डे, खसखशीएवढे. नखाला लागतात. वरचं डस्ट सील फाटलेलं, त्यातून चिखल-पाणी आत गेलेलं. अशा पिस्टनवर नवं सील बसवलं की खड्डा सीलखाली आला रे आला, ऑइल बाहेर. पोऱ्याचं पेट्रोल वाईटच, पण हा गुन्हा बहुधा त्याचा नाही. पिस्टनकडे कोणी पाहिलंच नाही, हा मात्र आहे.

त्याच दिवशी
या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नाही. मी इतकी वर्षं आहे असं धरून चाललो होतो. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि चौकोनी कडांचं ते सील त्याच्याबरोबर जरासं मुरडतं. पेडल सोडलं की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे आणतं. बस, एवढंच.

वडिलांच्या राजदूतला मागे ड्रम होता. ब्रेक ढिला झाला की मागचा नट दोन आटे फिरवायचा.

१६ जुलै
नाना पेठ. पिस्टन, सील किट, पॅड, तांब्याचे दोन वायसर. पॅड चांगले होते, पण ऑइल प्यायलेले. "बर्नर मारा, सुकतील," दुकानात कोणीतरी म्हणालं. नवे घेतले.

मित्राचा फोन: "ब्रेक ऑइल डॉट फाइव्ह घे, फोरपेक्षा भारी." नाही. पाच नंबर सिलिकॉनचं, चारमध्ये मिसळत नाही. पाच पूर्णांक एक मात्र चारच्या घराण्यातलं. हे आकडे कोणी ठेवले असतील त्याला एकदा भेटायचंय.

२१ जुलै
सील ब्रेक ऑइलमध्येच भिजवून अंगठ्याने बसवलं. पिस्टन हाताने आत गेला, हातोडी लागली नाही.

एअर काढायला मुलगी पेडलवर. निपलला फिशटँकची नळी, टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये.
"दाब. धर." निपल उघडा, बुडबुडे, निपल बंद. "आता सोड."
एकदा तिने आधीच सोडलं. हवा परत आत, पहिल्यापासून सुरू.
"हे आमच्या पुस्तकात पास्कलच्या नावावर आहे," ती म्हणाली. पास्कलचा पाय दुखला नसावा.

२२ जुलै
पेडल कडक. निपलभोवती वर्तमानपत्राचा कागद रात्रभर बांधून ठेवला होता. कोरडा.

२८ जुलै
अर्धी बाटली ऑइल उरलंय. काकांनी त्यांच्या गाडीत वरून टाकायला मागितलं. दिलं नाही. उघडलेली बाटली हवेतलं पाणी ओढते आणि बाहेर आठ दिवस ऊन नाही.