धाव आणि राइफन

मराठीत बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याला ‘धाव’ म्हणतात. ग्रामीण कथा शिकवताना हा शब्द आला की आम्ही दोघेही वर्गात थोडे थांबतो. समोरच्या विद्यार्थ्यांना धावणे ठाऊक असते, धाव ठाऊक नसते. मग लोहार तो पट्टा विस्तवात लाल करून लाकडी चाकावर कसा बसवतो, पाणी ओतल्यावर तो आवळून चाकाला कसा घट्ट धरतो, हे फळ्यावर आकृती काढून सांगावे लागते. इतकी वर्षे हे सांगत आलो, पण स्वतःच्या गाडीसाठी धाव निवडण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. ती आली २०२२ सालच्या नोव्हेंबरात, जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरी, आणि तीही एक चूक हातून घडून गेल्यावर. त्या चुकीविषयी आम्ही आजवर घरी कोणाला सांगितलेले नाही.

आमच्यापैकी एकाला संशोधनवृत्ती मिळाली आणि दुसऱ्याने बिनपगारी रजा घेतली, असे करून आम्ही तिकडे गेलो होतो. जर्मन वाहनपरवाना हाती आल्यावर एक जुनी गाडी घ्यावी असे ठरले. सुज्ञ माणसांनी अशा वेळी साधी, पोटात सामान मावणारी गाडी घेतली असती. आम्ही मिनी कूपर एस घेतली. २०१० सालची, ठेंगणी, गोल डोळ्यांची, वळणावर रस्त्याला चिकटून जाणारी. तिला सतरा इंची काळीभोर अलॉय चाके होती, आणि खरे सांगायचे तर आम्ही गाडी घेतली ती त्या चाकांसाठी. चाळिशी ओलांडल्यावर दोन प्राध्यापकांनी केलेली ही चैन होती. तिचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही.

ऑक्टोबरात खालच्या मजल्यावरचे शेजारी, निवृत्त बसचालक, जिन्यात भेटले आणि म्हणाले, “तुमची चाके अजून उन्हाळीच आहेत.” तिकडे ‘ओ ते ओ’ असा एक लोकनियम आहे: ओक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर घालावेत. कायद्यात तारीख नाही. २०१० सालच्या डिसेंबरात झालेल्या दुरुस्तीनुसार रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा दहिवराचा निसरडेपणा असेल तेव्हा हिवाळी टायरांवाचून गाडी चालवता येत नाही, आणि चालवल्यास किमान साठ युरो दंड होतो. तारीख नाही, या एका गोष्टीचा आम्ही सोयीस्कर अर्थ लावला. फ्रायबुर्ग हे जर्मनीतील सर्वांत उबदार शहरांपैकी एक. बर्फ पडेल तेव्हा गाडी काढायची नाही, एवढे केले की झाले, असे आम्ही एकमेकांना समजावले. त्यामागे दुसरेही कारण होते. ती काळी चाके उतरवून काहीतरी लहान, फुगीर, गरीब दिसणारे तिच्या पायांत घालणे आमच्या जिवावर आले होते.

फ्रायबुर्गहून पूर्वेला ब्लॅक फॉरेस्टमध्ये चढताना आधी ‘हिमेलराइश’ नावाची वस्ती लागते आणि लगेच पुढे ‘ह्योलेनटाल’ सुरू होते. पहिल्याचा अर्थ स्वर्गाचे राज्य, दुसऱ्याचा नरकदरी. या नावांवर आम्ही जाताना नेहमी विनोद करीत असू. शहर समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास, आणि दरीपलीकडचे हिंटरत्सार्टन नऊशेच्या जवळ. म्हणजे अर्ध्या तासात माणूस दुसऱ्या ऋतूत पोहोचतो. नोव्हेंबरातल्या त्या सकाळी खाली ऊन होते आणि रस्ता कोरडा दिसत होता. वर एका गावाच्या तोंडाशी पादचाऱ्यांचे पट्टे होते आणि पाठीवर दप्तर असलेली एक लहान मुलगी एक पाऊल रस्त्यावर टाकून उभी होती. ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरू लागले, एबीएस आपले काम करीत होते, आणि गाडी मात्र थांबायचे नाव न घेता, आवाजही न करता, पुढे सरकत राहिली. रस्त्याचा तेवढा तुकडा झाडांच्या सावलीत होता आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे दहिवर गोठलेले होते. मुलीच्या आजीने तिचे दप्तर धरून तिला मागे ओढले. आम्ही पट्टे ओलांडून दीड-दोन मीटर पुढे जाऊन थांबलो.

आम्ही खाली उतरून क्षमा मागू लागलो. आजी आमच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या चाकांकडे पाहत होत्या. त्या एकच शब्द बोलल्या, “झोमरराइफन,” उन्हाळी टायर, आणि नातीचा हात धरून निघून गेल्या. त्यांनी आम्हांला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री झोप येईना तेव्हा आम्ही शब्दकोश उघडून बसलो. हा आमचा जुना दोष आहे. संकटात आम्ही शब्दांच्या आडोशाला जातो. जर्मन भाषेत टायरला ‘राइफन’ म्हणतात. ‘राइफ’ म्हणजे कडे, वलय. पण त्याच उच्चाराचा दुसरा ‘राइफ’ म्हणजे गोठलेले दहिवर, जे त्या सकाळी आमच्या चाकांखाली होते. आणि तिसरा ‘राइफ’ म्हणजे पिकलेला, परिपक्व. या शब्दांची कुळे निराळी आहेत, केवळ उच्चार एक. तरीही दोन मध्यमवयीन माणसांना तिसरा अर्थ त्या रात्री टोचायचा तो टोचलाच. दुसऱ्या दिवसापासून गाडी जागेवर उभी राहिली आणि आम्ही अभ्यासाला लागलो.

मूळ टायरांचे माप होते २०५/४५ आर १७. हे वाचायला शिकणे म्हणजे एखाद्या वृत्ताचे गण पाडण्यासारखे आहे. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ४५ ही टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १७ हा आतल्या धातूच्या चाकाचा इंचांतील व्यास. हिशेब केला तर पूर्ण चाकाचा व्यास ६१६ मिलिमीटर येतो. त्याच गाडीला चालणारे सोळा इंची माप १९५/५५ आर १६. त्याचा व्यास येतो ६२१. म्हणजे आतले धातूचे चाक इंचाने लहान झाले तरी रबराची बाजू उंच होते आणि एकूण चाक जवळजवळ तेवढेच राहते. वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही. पंधरा इंची माप आणखी स्वस्त पडले असते, पण कूपर एसचे पुढचे ब्रेक साध्या मिनीपेक्षा मोठे. ते आत मावतील की नाही ही शंका ठेवून, जिच्यामुळे हे सारे सुरू झाले त्या ब्रेकशीच खेळ करण्याची आमची तयारी नव्हती.

लहान धातूचे चाक आणि अरुंद, उंच बाजूचा टायर हिवाळ्यात का बरा, तेही हळूहळू कळले. अरुंद टायर बर्फाच्या पातळ चिखलावर तरंगण्याऐवजी तो कापून खाली टेकतो. बर्फाखाली लपलेला खड्डा किंवा फूटपाथची कडा लागली तर उंच बाजू तो धक्का सोसते. सतरा इंची चाकावर रबराची पट्टी इतकी आखूड असते की धक्का थेट धातूला बसतो. शिवाय रस्त्यावर टाकलेले मीठ चकचकीत अलॉयचा लेप खाते. खरा फरक मात्र रबरात. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होते; ढोबळमानाने सात अंशांखाली त्याची पकड उतरू लागते असे तिकडे सांगतात. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. आम्ही इतके दिवस ती नक्षी शोभेची समजत होतो.

एका विद्यार्थ्याने आपली जुनी हिवाळी चाके अगदी स्वस्तात देऊ केली. टायरच्या अंगावर ‘एम + एस’ ही अक्षरे होती आणि नक्षी पाच मिलिमीटर खोल. कायद्याला १.६ पुरतात, जाणकार हिवाळ्यासाठी ४ सांगतात. म्हणजे सौदा चांगला होता. पण बाजूवर कोरलेले चार अंक शेजाऱ्यांनी आम्हांला वाचायला शिकवले: ३४१४, म्हणजे २०१४ सालचा चौतिसावा आठवडा. रबर आठ वर्षांचे होते. तीन शिखरे आणि त्यांत हिमकण, हे बर्फावरची चाचणी उत्तीर्ण झाल्याचे चिन्ह त्यावर नव्हते. २०१८ पूर्वी बनलेल्या अशा टायरांना तेव्हा, सप्टेंबर २०२४ पर्यंत, कायद्याने मुभा होती. मुभा आहे म्हणून घ्यावे, हा युक्तिवाद आम्ही एकदा करून चुकलो होतो. नकार दिला.

नवे टायर ठरले: चारही एकाच जातीचे, हिमकणाच्या चिन्हाचे, ८७ एच. ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो भार पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. गाडीचा कमाल वेग त्याहून अधिक असल्याने ‘२१०’ असा कागद चालकाच्या डोळ्यांपुढे चिकटवावा लागतो. तो आम्ही चिकटवला आणि तो वेग कधीही गाठला नाही. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, मग पुढे दोनच हिवाळी टायर घालून भागणार नाही का, असे आमच्यापैकी एकाने विचारले. शेजारी म्हणाले, “मग तुमचे पुढचे टोक थांबेल आणि मागचे टोक तुम्हांला ओलांडून पुढे जाईल.”

उरला धातूच्या चाकांचा प्रश्न, आणि येथे आमचे भांडण झाले. चार बोल्टांचे १०० मिलिमीटरचे वर्तुळ, मधल्या भोकाचा ५६.१ मिलिमीटर व्यास, आणि चाक आत किती बसते ते सांगणारा ‘ईटी’ हा अंक, इतके जुळले पाहिजे. त्याशिवाय त्या चाकाला त्या गाडीसाठी मान्यता असल्याचा कागद हवा. हे सारे जुळणारी दोन चाके समोर होती. एक काळे, पाच आऱ्यांचे, देखणे. दुसरे राखाडी, जाड, कोणत्याही टॅक्सीला शोभेल असे, आणि त्याचा लेप मिठाला टिकणारा. फरक दोनशे युरोंचा. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, सुरक्षिततेत काही फरक नसेल तर देखणेपणाला एवढा नकार का द्यायचा? हे प्रायश्चित्त आहे की खरेदी? दुसऱ्याचे म्हणणे, आपण अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राचा औचित्यविचार वर्गात शिकवतो आणि येथे पैठणी नेसून चिखलणीला उतरतो. दोन दिवस अबोला होता. अखेर राखाडी चाके घेतली. पण पहिला मुद्दा चुकीचा होता असे आम्हांला आजही म्हणवत नाही. वाचलेल्या पैशांतून पंक्चर बुजवण्याचा संच घेतला. गाडीत जादा चाक नव्हते. मूळचे टायर हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे होते, नवे तसे नव्हते. एक सोय मिळवताना दुसरी सोडावी लागली.

त्या रविवारी कराडजवळच्या गावी नानांना फोन केला. चाके बदलली एवढेच सांगितले. नाना म्हणाले, “म्हणजे तिकडंही ऋतू चाकाला लागतोच की.” मग त्यांनी सांगितले, की उन्हाळ्यात चाकाचे लाकूड सुकून आकसते आणि धाव ढिली होते, म्हणून त्यांचे वडील गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करीत, लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट. “ढिल्या धावेची गाडी काढली तर म्हातारा बोलायचा नाही, नुसता चाकाकडं बघायचा.” हे ऐकल्यावर आमच्याने पुढे बोलवेना. ‘इकडे थंडी फार आहे’ असे काहीतरी सांगून फोन ठेवला.

पन्नास किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा आवळून घेतले आणि डिसेंबरात त्याच रस्त्याने वर गेलो. या वेळी खरोखर बर्फ होते. त्या पट्ट्यांपाशी, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, ब्रेक दाबला. गाडी किंचित कुरकुरली आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. अर्थात वेगही निम्मा होता. त्याचे श्रेय टायरला द्यायचे की भीतीला, हे सांगता येणार नाही.

ईस्टरनंतर चाके उतरवताना शेजाऱ्यांनी खडू आणला. कोणते चाक कोठले, हे लिहून ठेवायचे असते. ‘तुमच्या भाषेत लिहा, मग कोणी चोरणार नाही,’ असे ते म्हणाले, म्हणून आम्ही चारही चाकांवर लिहिले: पु. डा., पु. उ., मा. डा., मा. उ.

२०२४ सालच्या उन्हाळ्यात परत येताना गाडी एका तरुण जोडप्याला विकली. दोघेही आधी काळ्या चाकांभोवती फिरले. त्यांच्या चेहऱ्यांवरचा भाव आमच्या ओळखीचा होता. मग तळघरातली राखाडी चाके पाहून मुलीने विचारले, “ही कसली अक्षरे?” आम्ही अर्थ सांगितला. पुढचे डावे, पुढचे उजवे. आणि मग, कोणी विचारले नसतानाही, त्या सकाळची हकिगत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली, पट्टे, दप्तर आणि आजींचा तो एक शब्द यांसह. दोघे काही बोलले नाहीत. मुलाने ती चारही चाके उचलून आधी गाडीत ठेवली.