खरे नाव

भाषाविज्ञानाच्या वर्गात सोस्यूर शिकविताना शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, असे मी गेली अठरा वर्षे सांगत आले आहे. घरी मात्र उखाण्याबाहेर आईच्या तोंडून वडिलांचे नाव मी कधी ऐकले नव्हते. या दोहोंतील विसंगती मला जाणवली, ती अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही कादंबरी वाचताना.

या कादंबरीतील द्वीपसमूहात मंत्र म्हणजे अगम्य अक्षरांचा घोष नव्हे. प्रत्येक वस्तूला आद्यभाषेत एक खरे नाव असते. ते ज्याला ज्ञात, त्याची तिच्यावर सत्ता चालते. खड्याचा हिरा करून दाखविणे सोपे, कारण तो केवळ दृष्टिभ्रम. खडा खरोखर हिरा व्हायचा तर त्याचे नावच पालटावे लागते, आणि तसे केले की सृष्टीचा तोल ढळतो. रोक बेटावरील विद्यार्थी एकाकी मनोऱ्यात नावांच्या याद्या घोकतात. मध्यरात्री कागदावरील शाई उडून जाते. (आमच्या परीक्षार्थींना हा अनुभव परिचित वाटावा.) सबंध सागर मंत्राने बांधू पाहणाऱ्यास त्याच्या अंशाअंशाचे नाव ठाऊक हवे. ते अशक्य असते, म्हणूनच सागर सुरक्षित राहतो.

साहजिकच तेथे माणसे आपले खरे नाव लपवितात. अहंकारापोटी गेड मृतात्म्याला आवाहन करतो, एक काळी छाया मोकळी सुटते आणि त्याचा स्वतःवरचाही विश्वास उडतो. त्या वेळी मित्र व्हेच आपले खरे नाव आपणहून त्याला सांगतो. मला सर्वांत प्रभावी वाटलेला प्रसंग हाच. त्यात मंत्र म्हणावा असे काहीच नाही.

ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. याही जमातीच्या ज्या अखेरच्या माणसाचा त्यांनी अभ्यास केला, त्याने १९१६ साली मरेपर्यंत आपले नाव सांगितले नाही; 'इशी', म्हणजे माणूस, हे नाव क्रोबर यांनी दिलेले. यावरून कादंबरीचे मूळ शोधणे मला धाडसाचे वाटते. पण हा तपशील मनातून जात नाही.

नाव न घेण्याच्या आपल्या रूढीवर एम.ए.ला असताना मी कठोर निबंध लिहिला होता. त्यातील एकही वाक्य आज मागे घ्यावेसे वाटत नाही. पतीचे नाव जपणाऱ्या त्याच रूढीने लग्नात तांदळात नवे नाव लिहून माझ्या आईचे नाव पालटले. रोकच्या गुरूंनी इतक्या सहजपणे खड्याचेही पालटले नसते.

गेल्या वर्षी वडील अतिदक्षता विभागात होते. परिचारिका म्हणाली, "पेशंटना नावाने हाक मारा, प्रतिसाद देतात का पाहू." मी 'बाबा' म्हणून दोनदा हाक मारली, काहीच झाले नाही. मग आई वाकली आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मान वळविली. ते नाव होते की नेहमीचे 'अहो', हे मी तिला अद्याप विचारलेले नाही.