दीड लाख सह्या

सही या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा माणूस आमच्या सोसायटीत माझ्याशिवाय दुसरा नाही. बावीस वर्षं मी बँकेत कारकुनी करतो आहे. लोकांच्या सह्या पडताळायच्या आणि स्वतःच्या ठोकायच्या, यातच उमेदीची वर्षं गेली. गिऱ्हाइकाची सही बघून त्याचे सांधे धरलेत की तो घरी भांडून आलाय, हे मी सांगू शकतो. माझी स्वतःची सही सकाळी दहाला ऐटदार असते. संध्याकाळी पाचला ती पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखी वळवळायला लागते.

त्यामुळे परवा जेवताना आमची मुक्ता म्हणाली, "बाबा, जॉन ग्रीनने दीड लाख पुस्तकांवर सह्या केल्या," तेव्हा मी सहज विचारलं, "कुठल्या ब्रँचला असतो?"

मुक्ता अकरावीत आहे. त्या वयात बापाकडे बघण्याची एक खास नजर असते. त्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचललं. आमच्या हिने माझ्या पानात आमटी वाढली. याला आमच्याकडे सांत्वन म्हणतात.

जॉन ग्रीन हे अमेरिकेतले कादंबरीकार, मुक्कामपोस्ट इंडियानापोलिस. मुक्ताच्या वयाच्या मुलामुलींसाठी लिहितात. 2012 च्या जानेवारीत त्यांची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी निघाली. 2020 साली आपल्याकडे तिच्यावरून 'दिल बेचारा' हा हिंदी सिनेमाही आला. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या दीड लाख प्रतींवर या गृहस्थांनी खरोखरच स्वतःच्या हाताने सह्या केल्या.

मी बी. कॉम. असल्यामुळे लगेच हिशेब मांडला. एका सहीला, कागद सरकवण्यासकट, दहा सेकंद धरा. म्हणजे पंधरा लाख सेकंद. म्हणजे सुमारे चारशे सोळा तास. रोज आठ तास बसलं तरी बावन्न दिवस. यात लंच टाइम, चहा आणि 'आत्ता आलोच' धरलेलं नाही.

बरं, सह्या तरी धड? निरनिराळ्या रंगांच्या पेनांनी केलेल्या. आमच्याकडे असला चेक आला असता तर मी चष्मा न लावता परत पाठवला असता. काही पानांवर तर धाकट्या भावाने खोल समुद्रातला मासाही काढून ठेवलाय. म्हणजे जॉइंट अकाउंट! आयदर ऑर सर्व्हायव्हर!

हा धाकटा भाऊ हॅंक. सगळ्याचं मूळ तोच. 1 जानेवारी 2007 ला या दोघा भावांनी ठरवलं की वर्षभर एकमेकांना एक अक्षर लिहायचं नाही. पत्र नाही, ई-मेल नाही, मेसेज नाही. शनिवार-रविवार सोडून रोज, आळीपाळीने, एकमेकांसाठी व्हिडिओ करायचा आणि तो यूट्यूबवर टाकायचा. चुकलं तर शिक्षा. माझा थोरला भाऊ नागपूरला असतो. आम्हीही कित्येक वर्षांत एकमेकांना एक अक्षर लिहिलेलं नाही, पण त्याला कुणी उपक्रम म्हटलं नाही.

दोन भावांच्या या गप्पा बघायला हळूहळू पोरं जमली. कट्ट्यावर दोघं बोलत असले की तिसरा येऊन टेकतो, तसं. ग्रीन यांच्या तोवर दोन कादंबऱ्या निघाल्या होत्या. आता वाचक विचारायला लागले, हे सांगायला लागले, मधेच तोडायला लागले. 2011 साली त्यांनी नव्या कादंबरीचं नुसतं नाव जाहीर केलं आणि सह्या करून देईन म्हणाले. पुस्तक अजून लिहून पुरं झालेलं नव्हतं, तरी आगाऊ मागणीने ते ॲमेझॉनच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. तारण नाही, कागदपत्रं नाहीत, आणि कर्ज मंजूर!

"यात काय एवढं?" मी मुक्ताला म्हणालो. "हे गिऱ्हाईक सांभाळणं झालं."

"मग तुझ्या बँकेत का नाही सांभाळत?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

खरं सांगायचं तर माझ्या पोटात जरा दुखत होतं. मीही एकदा लेखकाला पत्र लिहिलं होतं. पाचवीत होतो. वाचनालयातून आणलेलं एक साहसाचं पुस्तक संपलं, आणि त्यातल्या मुलाचं पुढे काय झालं या काळजीने मला झोप लागेना. पंधरा पैशांचं कार्ड घेतलं, 'पुढे काय झालं ते कृपया कळवावे' असं लिहिलं, आणि पत्ता माहीत नसल्यामुळे लेखकाच्या नावाखाली नुसतं 'पुणे' लिहिलं. पुण्यात लेखक किती असतात याची तेव्हा कल्पना नव्हती. दोन महिने मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होतो. शेवटी आमचे बाबा म्हणाले, "लेखक पोरांना उत्तरं देत बसले तर लिहिणार कधी?"

गंमत म्हणजे ग्रीन यांच्या त्या कादंबरीतली मुलगीही हेच करते. आवडत्या पुस्तकाचं पुढे काय झालं हे विचारायला ती थेट ॲमस्टरडॅमला जाते. तिथला लेखक दारू पिऊन तिच्या अंगावर खेकसतो. माझी पंधरा पैशांत सुटका झाली म्हणायची. खुद्द ग्रीन यांना कुणी 'पुढे काय झालं' विचारलं तर ते सांगतात, मला माहीत नाही. तरी पोरं त्यांच्यावर खूष! उत्तर न देता लोकांना खूष ठेवायची ही विद्या आमच्या चौकशी खिडकीला शिकवायला हवी, असं मनात आलं.

ती विद्या काय असते, हे मला नंतर एका रात्री कळलं.

गेले काही महिने मुक्ता झोपण्यापूर्वी गॅसचं बटण बघायची. मग कडी. मग पुन्हा गॅस. मग पुन्हा कडी. मी अंथरुणातून ओरडायचो, "गॅस काय पळून जाणारे का?" हा विनोद मी रोज करत होतो आणि रोज मीच हसत होतो.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर जेवणाच्या टेबलावर तिचं पुस्तक होतं. ग्रीन यांचंच, 2017 चं, 'टर्टल्स ऑल द वे डाउन'. चाळता चाळता बसलो. त्यातल्या मुलीला जंतूंची भीती. बोटाची पट्टी काढायची, बघायची, नवी लावायची, पुन्हा काढायची. नको म्हटलं तरी तोच विचार. मुक्ताने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पानामागून पान. माझा घसा पुन्हा कोरडा पडला.

मागे वळून बघितलं तर ती उभी होती. गॅस बघायला आली असणार.

"तुलाही असं होतं?" मी विचारलं.

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "त्यालापण होतं. त्याने सांगितलंय व्हिडिओत. एवढी पुस्तकं लिहिली तरी होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, अभ्यासात लक्ष नाही म्हणून होतं."

मी अगदी हेच म्हणालो असतो. शब्दसुद्धा हेच. माझी सही कुणी इतकी हुबेहूब केली नव्हती.

इंडियानापोलिस आमच्या घरापासून हजारो मैल. माझ्या अंथरुणापासून तिच्या खोलीचं दार बारा पावलं. आणि पोरगी ऐकायला जात होती इंडियानापोलिसला! कारण तिथल्या खिडकीतला माणूस 'पुढे काय होईल मला माहीत नाही, पण मलाही होतं' एवढं सांगून बसून राहत होता. माझ्या खिडकीवर मी विनोदाची पाटी लावून ठेवली होती.

मग मीही सांगून टाकलं. बँकेचं ड्रॉवर लावलं की नाही म्हणून मी बसस्टॉपवरून कितीदा परत गेलोय ते. एकदा तर कंडक्टरने घंटी दिल्यावर उडी मारून.

"आईला माहितेय?"

"नाही."

"मग मला का सांगतोयस?"

"खिडकी उघडी होती म्हणून."

मुक्ता हसली. फार नाही, पण हसली. मग आम्ही दोघांनी मिळून गॅस बघितला. बंद होता.

गेल्या शनिवारी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. अशा त्रासावर नीट उपचार असतात, वेळ लागतो, घाबरायचं कारण नाही, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या मुलीने एक फॉर्म पुढे केला. खाली लिहिलं होतं, 'पालकाची सही'.

बावीस वर्षांत लाखभर सह्या तर मीही केल्या असतील. पण ही करताना हात असा हलला की, ती नमुन्याशी जुळली नसती. बँकेत आली असती तर मीच परत पाठवली असती.

मुक्ताने ती निरखून पाहिली, आणि चालवून घेतली.