पटावरील यंत्रगुरू

मुलांनो, १९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने तत्कालीन जगज्जेता कास्पारोव्ह याला हरविले. आज आमच्या बाळापुरातील मुलेही डाव संपताच संगणकातील बुद्धिबळाच्या इंजिनाला आपली चूक विचारतात. लक्षावधी शक्यता क्षणात तपासून ते उत्तम चाल दाखविते; पण तिचे कारण समजावून सांगत नाही. परवा त्याने शेजारच्या मुलीला घोडा बळी देण्यास सुचविले. ‘का?’ हे उमगण्यास आम्हा दोघांना पटापुढे तासभर बसावे लागले. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पटाशी यंत्र सोबतीला नव्हते. म्हणून मी सांगतो, आधी आपले उत्तर वहीत लिहा, मग यंत्राला विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत, की तेथेच खरा अभ्यास सुरू होतो.